निळ्या जाकिटावरचा कोंडा

स्टामाता ही गावातली एकुलती एक पार्लरवाली, आणि गावातल्या प्रत्येक डोक्याबद्दल तिचं मत वाईट होतं. बाहेरून आणि आतूनही.

"दार करकरतंय? तेल घाला," ती बेसिनपाशी उभी राहून म्हणायची. "पोराचं पोट दुखतंय? बेंबीला तेल चोळा. कान ठणकतोय, तेल. नजर लागली, पाण्यात तेलाचे थेंब सोडा. म्हातारा मेला, तर पाद्री त्याच्यावरही तेल ओततो. या गावात उद्या कुणाचा पाय तुटला ना, तर हे लोक अँब्युलन्सच्या आधी विचारतील, घरात ऑलिव्हच्या कुठल्या बागेचं तेल आहे?"

हे ती सव्वीस वर्षं सांगत होती. ऐकणारीचं डोकं बेसिनमध्ये, कानात पाणी, वर फवाऱ्याचा आवाज. कुणी ऐकत नव्हतं, आणि कुणी ऐकावं अशी स्टामाताचीही फारशी इच्छा नव्हती. ज्यांना कळणारच नाही त्यांना ऐकू जाऊन करायचंय काय?

ती घरातली चौथी मुलगी. बापाने नाव ठेवलं स्टामाता, म्हणजे ग्रीकमध्ये 'थांब'. ते तिला उद्देशून नव्हतं, देवाला होतं: बास झाल्या पोरी. देवाने ऐकलं, पाचव्या वेळी मुलगा झाला, आणि तो मुलगा आता कालामाताच्या बसस्टँडवर लॉटरीची तिकिटं विकतो. "एवढ्यासाठी मला थांबवलं," असं स्टामाता म्हणायची. सतराव्या वर्षी ती पिरेयसला गेली, बंदराजवळच्या एका पार्लरमध्ये अकरा वर्षं राबली, आणि आई अंथरुणाला खिळली म्हणून परत आली. आईने मरायला नऊ वर्षं घेतली. तोवर स्टामाताचं एक लग्न होऊन मोडलंही होतं. नवरा पात्रासला गेला तो गेलाच. जाताना वस्तरा विसरला. त्याने ती बायकांच्या मानेवरची लव साफ करते. चांगला वस्तरा आहे. नवऱ्याची तेवढीच आठवण धारदार निघाली.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी दुपारी पार्लरचं दार उघडून कानेल्लाबाई आत आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, एकतीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत. मागे त्यांची नात, नेली. तिचं खरं नाव आजीचंच, कानेल्ला, पण सतरा वर्षांच्या मुलीला त्या नावाने हाक मारली तर ती ओ देत नाही. आईबाप जहाजावरच्या स्वयंपाकघरात नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रावर. म्हणून मुलगी आजीकडे.

"काप," कानेल्लाबाई म्हणाल्या.

"काय कापू?"

"केस. सगळे. पोराचे कापतात तसे." त्यांनी नातीला खुर्चीत ढकललं. "यंदा झेंडा हिच्या हातात आहे. हेडमास्तरांनी काल नाव लावलं. वीसपैकी एकोणीस पूर्णांक आठ. आणि हिच्या डोक्यातून बघ काय पडतंय. निळ्या जाकिटावर!"

अठ्ठावीस ऑक्टोबरला, राष्ट्रीय दिनाच्या संचलनात शाळेचा झेंडा सगळ्यात हुशार मुलाच्या हातात असतो. पांढरे हातमोजे, पांढरा सदरा, गडद निळं जाकीट, आणि दोन्ही बाजूंना अख्खा गाव. खांद्यावर बसलेली माशीसुद्धा लोकांना दिसते, आणि पुढची दहा वर्षं आठवते.

शेजारच्या खुर्चीत डोक्याला रोलर लावून दियामांतो बसली होती. तेलाची गिरणी तिच्या नवऱ्याची. तिने खुर्ची फूटभर बाजूला सरकवली.

"उवा असतील," ती म्हणाली. "मी आपली काळजीने म्हणते हो. पोरीला अगदीच जमत नसेल, तर आमचा स्त्राती आहे ना. त्याचा दुसरा नंबर."

"दियामांतो," स्टामाता म्हणाली, "तुझ्या स्त्रातीला डावा पाय कुठला ते मागच्या वर्षी शेजारच्या पोराने सांगितलं. गप्प बस, रोलर सुकू देत."

तिने टोकदार दांड्याच्या कंगव्याने नेलीचा भांग पाडला. एकदा, मग दुसऱ्या बाजूने. पिवळट, चिकट पापुद्रे. त्यांच्याखाली कातडी लाल. कानामागे तसंच, भुवयांमध्येही थोडं. नखांचे ओरखडे. आणि वास असा, की नाकाला वाटावं आपण सॅलडमध्ये पडलो.

"उवा नाहीत. घाणही नाही," ती म्हणाली. "मावशी, हिच्या डोक्याला काय लावता?"

"काय म्हणजे? तेल. आपलं. स्वतःच्या झाडांचं." कानेल्लाबाईंचा चेहरा उजळला. "आधी शनिवारी लावत होते. कोंडा वाढला, तर बुधवारी पण चालू केलं. तरी वाढतोय! म्हणून आता रोज रात्री थोडं."

"आणि तरी वाढतोय."

"तरी वाढतोय."

"आणि तुम्हाला काही सुचत नाही."

"सुचलं ना. कापून टाक."

स्टामाताने आरशात बघितलं. आरशात एक मुलगी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती, खाजवू नये म्हणून. डोळे कोरडे. तोंड घट्ट मिटलेलं. एकोणीस पूर्णांक आठ, आणि स्वतःच्या डोक्याबद्दल एक शब्द बोलत नव्हती.

"तुला काय हवंय गं?" स्टामाताने विचारलं.

मुलीने आधी आजीकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "मला झेंडा हवाय, काकू. पण केसांसकट."

"मग तेल बंद. आजपासून. एक थेंब नाही."

या गावात तुम्ही एखाद्याला चोर म्हणू शकता, त्याच्या बापाला म्हणू शकता. थोडे दिवस बोलणं बंद राहतं, मग ईस्टरला मिटतं. पण तेलाला नाव ठेवायचं नाही.

"आमच्या तेलाने कोंडा होतो?" कानेल्लाबाईंचा आवाज चढला. "माझ्या सासऱ्याने लावलेली झाडं ती! त्या तेलावर चार पोरं वाढवली मी!"

"वाढवा ना. पोटात घालून वाढवा. डोक्यावर कशाला ओतता?"

"पिरेयसहून शिकून आलीये," दियामांतो रोलरखालून पुटपुटली.

स्टामाता खरंच पिरेयसहून शिकून आली होती, पण हे त्याच्या आधीच शिकली होती. सोळाव्या वर्षी तिचं डोकं असंच फुललं होतं. आईने बरणीभर तेल जिरवलं, मग कात्रीने केस उतरवले, अगदी कातडीला लागून. शाळेत मुलं 'पीठवाली' म्हणायची. तिने शाळा सोडली. ती मुलं आता पन्नाशीची आहेत, निम्मी टकली. स्टामाता रस्त्यात त्यांच्या टकलांकडे इतक्या सावकाश बघते, की ते टोपी घालून फिरतात.

तिने एप्रन काढला, नेलीला हाताला धरलं आणि चौक ओलांडून औषधाच्या दुकानात नेलं. कानेल्लाबाई मागे. दियामांतो रोलरसकट दारात.

थेमेलीस औषधवाला पंचेचाळीस वर्षांचा सभ्य माणूस होता. इतका सभ्य, की त्याला कुठलंही मत नव्हतं. त्याने चष्मा लावून नेलीचं डोकं पाहिलं आणि लगेच काउंटरखालून एक बाटली काढली.

"हे होतं या वयात. कातडीवर एक बुरशी असते, सगळ्यांच्याच असते, काहींना ती सोसत नाही. वयात येताना डोकं तेलकट होतं, तिचं फावतं. परीक्षेची काळजी, जागरण, त्यानेही वाढतं. हा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा. फेस करून पाच मिनिटं तसाच ठेवायचा, मग धुवायचा. महिनाभर. पुढे आठवड्याला एकदा पुरतो. नखं लावायची नाहीत. एवढ्याने नाही उतरलं तर कालामाताला कातडीच्या डॉक्टरकडे."

"आणि तेल?" स्टामाताने विचारलं.

थेमेलीसने कानेल्लाबाईंकडे पाहिलं. मग छताकडे.

"तेल... म्हणजे तसं बघायला गेलं तर..."

"बोल, थेमेलीस. छतावर नाही लिहिलेलं."

"तेलावर ती बुरशी पोसते," तो एका दमात म्हणाला, आणि पटकन जोडलं, "कुठल्याही तेलावर! तुमच्याच असं नाही, कानेल्लामावशी. तुमचं तेल तर फारच..."

"म्हणजे तुला ठाऊक होतं," स्टामाता म्हणाली. "दोन वर्षं ही म्हातारी तुझ्याकडून हिच्या कोंड्यासाठी ताकदीच्या गोळ्या नेते, आणि तुला ठाऊक होतं."

"मला कुणी तेलाबद्दल विचारलं नाही, स्टामाताबाई. मला या गावात दुकान चालवायचंय."

"चालव. पाठीचा कणा मिळतो का रे तुझ्याकडे? एक बांधून घे स्वतःला."

मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटली की नेली पार्लरमध्ये यायची. घरच्या न्हाणीघरावर स्टामाताचा भरवसा नव्हता. तिथे कोनाड्यात तेलाची बाटली होती. पहिल्या दिवशी तिने साध्या शाम्पूने तीनदा धुऊन आधी तेल उतरवलं, मग औषध. फेस डोक्यावर असताना पाच मिनिटं काहीच करायचं नसतं, म्हणून ती मुलीकडून धडे म्हणून घ्यायची. नेली डोळे मिटून रसायनशास्त्र म्हणायची आणि स्टामाता एक अक्षर न समजता "चूक" म्हणायची.

"चूक नाहीये, काकू."

"मग ठासून सांग. 'चूक नाहीये काकू' काय? मांजराच्या पिल्लाला बाहेर सोडल्यासारखा आवाज. घरी काय बोलतेस आजीशी?"

"काही नाही. आजी बोलते."

"ते अख्ख्या गावाला ऐकू येतं. तू काय बोलतेस?"

फेस कपाळावर ओघळला, तो स्टामाताने जरा जास्तच जोरात पुसला.

दुसरा आठवडा संपता संपता लाली उतरली. पापुद्रे सुटे झाले, मग विरळ. खाज रात्रीपुरती उरली. सतरा ऑक्टोबरला, शनिवारी, नेली काळा स्वेटर घालून चौकातून गेली. स्टामाताने दारातून तिच्या खांद्यांकडे पाहिलं आणि कुणाचंही कौतुक न करता आत वळली.

मंगळवारी नेली आली ती डोक्यावर टोपी घालून. टोपी काढली. तोच वास. कपाळाच्या कडेला पुन्हा लाल पट्टा, आणि त्यावर पिवळे पापुद्रे, अगदी ताजे.

स्टामाताने फवारा बंद केला.

"कुणी?"

"शनिवारी संध्याकाळी गिरणीत गेलो होतो," नेली म्हणाली. "यंदाचं पहिलं तेल. सगळे होते. पाव भाजत होते. नळीतून पहिली धार आली आणि आजीने त्याखाली ओंजळ धरली. तोंडाला लावली, छातीवर क्रॉसची खूण केली, आणि..." तिने स्वतःच्या डोक्यावर हात फिरवून दाखवला. "दोन्ही हात. म्हणाली, माझ्या झेंडेवालीला पहिलं तेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"आणि तू?"

"मी हसले."

"हसलीस."

"दियामांतोकाकू बघत होती. पाद्री होते. आजी रडत होती आनंदाने. मी काय करणार होते?"

"मग रात्री धुतलंस का नाही?"

"आजी म्हणाली, पहिलं तेल तीन दिवस धुवायचं नसतं." ती आता खाजवत होती, दोन्ही हातांनी, लाज सोडून. "जाऊ दे, काकू. उद्या हेडमास्तरांना सांगते. स्त्रातीला द्या झेंडा. आठ दिवसांत काही होणार नाही."

"धन्य आहे! म्हणजे हसायचं तू आणि मिरवायचं त्या दोन डाव्या पायांच्या गाढवाने. हात खाली घे. खाली घे म्हणते ना! बेसिनला बस. तीनदा धुते, औषध लावते, मग मी जाऊन येते."

"कुठे?"

"तुझं तोंड शोधायला. तुमच्या घरीच कुठेतरी पडलं असेल."

कानेल्लाबाई अंगणात बुटक्या स्टुलावर बसून मुरवायचे हिरवे ऑलिव्ह दगडाने ठेचत होत्या. ठक, ठक. प्रत्येक ठोक्याला एक फळ उकलायचं आणि बादलीत पडायचं. स्टामाता फाटकातूनच सुरू झाली.

"तीन दिवस धुवायचं नसतं? कुठल्या ग्रंथात लिहिलंय हे? तीन आठवडे मी त्या डोक्याशी झगडतेय, आणि तुम्ही पावावर लावायचं ते पोरीवर लावलंत!"

"आशीर्वाद होता तो."

"त्या आशीर्वादाची खपली निघतेय, मावशी. पोर उद्या झेंडा सोडणार आहे. तुमच्या टाळ्या झाल्या, तिचा झेंडा गेला."

ठक. दगड थांबला.

"झेंडा सोडणार? कोण म्हणतं?"

"ती म्हणते. मला म्हणते, कारण तुम्हाला काही सांगायची तिची छाती नाही. या घरात बोलायचं काम तुम्हीच करता, सगळ्यांच्या वतीने."

कानेल्लाबाईंनी एप्रनच्या खिशातून विणायची एक सुई काढली, काळ्या रुमालाच्या कडेतून आत सरकवली आणि कानाच्या वरच्या बाजूला खरडलं. खर, खर, खर. न बघता, सवयीने, लोक चष्मा वर सरकवतात तसं. सुई बाहेर आली, एप्रनला पुसली, परत खिशात.

स्टामाताने ती सुई पाहिली.

"मावशी, रुमाल सोडा."

"काय?"

"रुमाल. डोक्यावरचा."

"शुद्धीवर आहेस का? विधवा बाई आहे मी! अंगणात?"

"मग पार्लरमध्ये चला. शटर ओढते."

"माझ्या डोक्याला काही झालेलं नाही."

"खाजतं ना?"

"खाजतं, म्हणजे काय? डोकं आहे. डोकी खाजतातच." म्हातारी खरोखर गोंधळली होती. "तुझं नाही खाजत?"

त्या संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून स्टामाताने रुमाल सोडला. आत तेच होतं, साठ वर्षं मुरलेलं. टोचून टोचून कडक झालेल्या जागा, खपल्यांवर खपल्या, आणि त्या सगळ्यावर स्वतःच्या झाडांचं, पहिल्या धारेचं. स्टामाताने वाक्य तयार ठेवलं होतं, चांगलं टोकदार. ते तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं. त्याचा तिला इतका राग आला, की तिने पाणी जरुरीपेक्षा जास्त गरम केलं.

"भाजतंय!"

"भाजू दे. तेल निघतंय."

"आता काय लावलंस?"

"औषध. पाच मिनिटं हलायचं नाही."

"पाच मिनिटांत मी एक कोंबडी सोलते."

"कोंबडी मेलेली असते म्हणून ती ऐकून घेते. तुम्ही पण जरा तसंच करा."

फेसाखाली म्हातारी गप्प बसली. गावातल्या कुणी तिला इतका वेळ गप्प पाहिलं नसेल. पाणी घातलं, पुसलं, पांढरे पातळ केस विंचरले. ती आरशात न बघता म्हणाली, "खाजत नाहीये."

"उद्या खाजेल. लगेच नाही जाणार. शुक्रवारी परत या."

"मला वाटलं होतं, ज्याचं त्याचं डोकं असंच असतं. आईचं होतं. माझं होतं. मुलाचं होतं. पोरीचं झालं तेव्हा म्हटलं, आली आपल्या वळणावर." तिने रुमाल उचलला, झटकला, पांढरा कण न् कण जमिनीवर पडताना पाहिला. मग तोंड पूर्वीसारखं झालं. "पण तेल वाईट नाही हं. तू काहीही म्हण."

"तेल उत्तम आहे. पानात वाढा. डोकं म्हणजे पान नाही."

"आणि हा रुमाल?"

"रोज धुतलेला. जमलं तर सुती. आणि ती सुई इथे ठेवा. इथे, बशीत. दुसरी घेऊ नका, मला कळेल."

कानेल्लाबाईंनी सुई ठेवली. दारात वळून म्हणाल्या, "तुझी जीभ तुझ्या आईवर गेलीये."

"आईची बरी होती," स्टामाता म्हणाली आणि दिवा घालवला.

नेली बुधवारी हेडमास्तरांकडे गेली नाही, गुरुवारीही नाही. तिला कुणी समजावलं नाही. शुक्रवारी आजी तिच्या आधीच डोकं धुऊन, दुसरा रुमाल बांधून गेली होती. जुना काळा रुमाल पार्लरच्या बेसिनशी वाळत होता, तो तिने हातात घेऊन पुन्हा होता तसा टाकला, आणि खुर्चीत बसून म्हणाली, "काकू, शनिवारी तिने पावावर ओतलं असतं तेल, तर मी खाल्लं असतं. डोक्यावर ओतलं तेव्हा नको म्हणायला हवं होतं."

"हे मला काय सांगतेस? मी नव्हते ओतत."

अठ्ठावीसला ऊन होतं. चौकात पाद्री, नगराध्यक्ष, सगळ्यांच्या आया, कॅफेतल्या खुर्च्यांवर उभे राहिलेले बाप्ये. स्टामाता पार्लरच्या पायरीवर हाताची घडी घालून, चेहऱ्यावर 'मला इथे नाइलाजाने यावं लागलं' असा भाव ठेवून उभी होती. शेजारी कानेल्लाबाई, डोक्यावर नवा सुती रुमाल. दोन पायऱ्या खाली दियामांतो, स्त्रातीचे फोटो काढायला मोबाइल सरसावून. स्त्राती झेंड्याच्या मागच्या रांगेत होता.

ढोल वाजले. नेली आली. केस मागे घट्ट बांधलेले, सगळे. पांढरे हातमोजे झेंड्याच्या काठीवर. मान ताठ. डोकं पूर्ण बरं नव्हतं झालं. आठ दिवसांत कुठून होणार? कपाळाच्या कडेला गुलाबी रेघ होती. आणि उजव्या खांद्यावर, निळ्या जाकिटावर, कण होते. चार. स्टामाताने पायरीवरून मोजले. दियामांतोने मोबाइल जवळ ओढून, चित्र मोठं करून पाहिले.

"अगं बाई," दियामांतो म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू.

पुढे काय होतंय हे स्टामाताला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. कानेल्लाबाई पायरी उतरल्या, गर्दीतून कोपराने वाट काढली आणि थेट रस्त्यावर, रांगेच्या पुढ्यात. हातात हातरुमाल. एक कोपरा जिभेला लावून ओला केला, आणि नातीच्या खांद्याकडे हात नेला. राष्ट्रगीताच्या आधी, अख्ख्या गावासमोर.

नेलीने मान वळवली नाही. पाऊल चुकवलं नाही. ओठही फारसे हलले नाहीत, पण आवाज पायरीपर्यंत आला.

"आजी, मागे हो."

हात हवेत राहिला. झेंडा बाजूने गेला. मागची रांग म्हातारीला टाळायला दुभंगली, तिथे स्त्रातीचा पाय चुकला आणि पुढे सगळा रस्ताभर चुकलेलाच राहिला. खांद्यावरचे चारही कण खांद्यावरच होते. ढोल, चौक, वळण, आणि मग नुसता काठीचा शेंडा दिसत होता.

कानेल्लाबाई परत पायरीवर आल्या. हातरुमाल अजून हातात.

"ऐकलंस? मागे हो म्हणाली. मला. पाद्र्यासमोर."

"ऐकलं."

"कुणावर गेलाय गं हा आवाज?"

"तुमच्यावर," स्टामाता म्हणाली. "इतका कर्कश दुसरा कुणाचा असणार?"